कापूर आणि हिमालयातलं तळं

गणपतीची आरती संपली आणि सिंगापुरातल्या पाया लेबार भागातल्या आमच्या फ्लॅटभर कापराचा वास पसरला. मी मनाने थेट हिमालयातल्या त्या छोट्या, हिमनदीच्या तळ्याकाठी पोचले.

इथे डोंगर कुठला! ट्रेकच्या सरावाला आम्ही नवरा-बायको बिल्डिंगचे जिनेच चढलो होतो. तळ्यापाशी मंदार दगडावर टेकला. विरळ हवेने ओठ निळे पडलेले. "बसू दे गं, किती छान वाटतंय," तो हसत म्हणाला. समोरचं हिरवं पाणी जराही हलत नव्हतं. दम लागला तर हुंगायला आणलेला कापूर मी त्याच्या नाकाशी धरला. "ऊठ मंदार! आत्ताच्या आत्ता खाली उतरायचं!" तेव्हा नुसता राग आला होता, भीती खाली उतरल्यावर आली आणि राहिलीच.

"बघतेस काय? आरती घे ना," मंदारने तबक पुढे केलं. कापराचा वास आला की दर वेळी मी आधी त्याचे ओठ बघते, हे त्याला अजून ठाऊक नाही.