सखुबाईचा तांब्या आणि तीन उमेदवार

काठेखारच्या सखुबाईची शाळा तिसरीतच सुटली, पण माणूस वाचायला तिला चष्मा लागत नाही, असं तिच्या आळीत सगळे म्हणतात. सगळे म्हणजे तिचा नवरा मोरू सोडून. "माणसं वाचते म्हणं! मना पन्नास वर्सं वाचतेय, अजून पहिल्याच पानावर हाय," असं तो ओटीवर सुतळी वळता वळता सांगतो. मग आतून आवाज येतो, "पुढची पानं कोरी हायत. वाचू काय, डोंबल?"

अलिबागहून मिनिडोर रिक्षानं निघालं की तासाभरात खाडी लागते, तिच्या काठाला हे गाव. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध आहे. बांधाच्या आत भाताची खाचरं, बाहेर खारं पाणी. बांधात एके ठिकाणी उघाडी आहे. उघाडी म्हणजे लाकडी झापेचं दार. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं झाप आपली आपण मिटते, ओहोटी लागली की उघडते आणि शेतातलं पाणी खाडीत सोडून देते. कोणी शहाण्या पूर्वजानं ही युक्ती काढली त्याचं नाव गावात कोणाला ठाऊक नाही, पण त्याच्या जिवावर गाव पिढ्यान्‌पिढ्या भात खात आलं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणानं ही झाप उखडून नेली आणि शेजारी बांधाला खांड पाडली. गावानं जोळ घातली. जोळ म्हणजे घरटी एक माणूस. हाक आली की हातातलं काम टाकून बांधावर जायचं आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत खांड बुजवायची. खांड बुजली. पण झाप कुठून आणायची? ती काही चिखलाची होत नाही. दर उधाणाला पाणी उघाडीतून आत येतच राहिलं. सखुबाईच्या पावणेदोन एकरांत दोन वर्षं दाणा नाही, विहिरीचं पाणी मचूळ झालेलं, आणि पनवेलला नोकरीला असलेल्या मुलानं फोनवर शेवटचं सांगितलेलं, "आई, यंदा पावसाच्या आत झाप बसली तर ठीक. नाहीतर आपण जमीन विकू. बाबांना मी विचारलंय, ते हो म्हणालेत."

मोरू हो म्हणाला, हे सखुबाईला फोनवरून कळलं. त्या दिवशी तिनं त्याच्या ताटात आमटी जरा जोरानंच वाढली.

आणि नेमकी त्याच सुमारास, पौषात, किती वर्षं रखडलेली जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. कचेरीत जाऊन ठाण मांडील, झाप मंजूर करून आणील, असं कोणीतरी निवडून जायला हवं होतं. कोण, ते ठरवायचं काम आळीनं नेहमीप्रमाणे सखुबाईवर सोडलं.

नेहमीप्रमाणे का, त्याचीही एक गोष्ट आहे. फार मागे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार दिवेलागणीला आळीत आला. वाकून वाकून नमस्कार करत होता. पोरांना केला, म्हाताऱ्यांना केला, झोपलेल्या मोरूच्या पायांना हात लावून त्याला दचकवून उठवलं, आणि घाईघाईत पुढे जाता जाता येसाजीच्या मळ्यातल्या बुजगावण्यालाही हात जोडून म्हणाला, "लक्ष असू द्या, काका!" बाकी आळी हसून हसून पडली. सखुबाई हसली नाही. म्हणाली, "ह्याला माणूस दिसत न्हाय गो. ह्याला नुसती मतं दिसतात." आळीनं त्याला मत दिलं नाही, शेजारच्या आळीनं दिलं, आणि निवडून आल्यावर तो सहा महिन्यांत शेजारच्या आळीतल्या लोकांनाच "आपण कोण?" विचारू लागला. तेव्हापासून अडतीस घरांतल्या बाया सखुबाईचं ऐकतात.

यंदा तिनं नवीच परीक्षा काढली. पितळेचा तांब्या चिंचेनं घासून सोन्यासारखा केला, त्यात मचूळ विहिरीचं पाणी भरलं आणि ओटीवर ठेवला.

"अगो, पाहुण्यांना हे पाजणार?" मोरू म्हणाला.

"आपण दोन महिने प्यायलो, नळ यायच्या आधी. मेलो काय? जो 'गोड हाय' म्हणेल तो खोटारडा. जो 'खारट लागतंय' म्हणेल तो खरा. संपलं."

"आणि जो थुंकेल तो?"

"तो तुमच्या अंगावर थुंकेल, तुम्ही पुढ्यात बसता म्हणून."

पहिला आला गणराजशेठ. जमिनींचे सौदे करणारा, ट्रकवाला, अंगावर पांढरं कडक, मागे वीस मोटारसायकली. त्याच्या माणसांनी त्या आठवड्यात वाडीवाडीत पोपटीची मडकी लावली होती. वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि पाल्यावर पक्षाचं निशाण. शेठनं तांब्या उचलला, एक घोट घेतला, डोळे किंचित बारीक झाले, आणि तो म्हणाला, "वा! गावच्या पाण्याची चव शहरात नाही, आजी!"

"अजून घ्या की, शेठ."

"नको, नको, पोट भरलं."

"एका घोटात?" मोरू म्हणाला. "मग पोपटीला कशी जागा करता?"

दुसरा निकेत. तरुण, शिकलेला, बोलायला नम्र. त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आजी, माफ करा, पण पाणी खारट आहे हो. हे प्यायचं नाही." सखुबाईचा चेहरा असा उजळला की मोरूला वाटलं, हिला आता नातजावईच सापडला. दुसऱ्या दिवशी निकेतच्या माणसानं बाटलीबंद पाण्याची दहा खोकी ओटीवर आणून ठेवली. "शब्दाचा माणूस," सखुबाई म्हणाली आणि खोकी परत पाठवली, कारण फुकटचं ती घेत नाही.

तिसरी आली प्रणाली कडू, खाडीपल्याडच्या वाघखार गावची. पस्तिशीची, पायात साधी चप्पल, सोबत फक्त दोन बाया. उन्हातून आली होती. तांब्या तोंडाला लावला तो गटगट रिकामा केला, आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बरं वाटलं गो आजी. आणखी मिळेल?"

सखुबाईनं निमूट दुसरा तांब्या भरून दिला. तोही संपला! मग ती बाई दोन-चार इकडचं तिकडचं बोलली, झाप कधी गेली ते विचारलं, आणि "बघून येते जरा" म्हणत बांधाकडे निघून गेली.

"गणराजशेठ घोटभर खोटं बोलला," सखुबाई म्हणाली, "ही दोन तांबे खोटं बोलली. मतांसाठी ही बाई एरंडेलसुद्धा पिईल."

झालं. चार दिवसांनी तिच्या घरी हळदीकुंकू होतं. आळीतल्या बाया जमल्या, तिळगूळ झाला, वाण म्हणून प्लॅस्टिकच्या गाळण्या वाटल्या, आणि सखुबाईनं निकाल सांगितला, "निकेत." अडतीस घरांनी मान डोलावली. तिची शेजारीण बायजा, जी सखुबाईशी गेली चाळीस वर्षं रोज भांडते आणि रोज तिच्याकडून विरजण नेते, तिनं एवढंच विचारलं, "त्या कडूंच्या सुनेचं काय?"

"तिचं नाव माझ्या दारात घेऊ नको."

मतदानाला तीन दिवस राहिले असताना सखुबाई तरीनं, म्हणजे खाडीतल्या होडीनं, पल्याड वाघखारला गेली. तिची भाची कमळ तिथे दिलेली, रथसप्तमीच्या आधी तिच्याकडे हळदीकुंकवाला जायलाच हवं होतं. तरीतून उतरून चढ चढेपर्यंत घशाला कोरड पडली. "आधी पाणी दे गो," ती दारातूनच म्हणाली.

कमळनं पेला दिला. सखुबाईनं मोठा घोट घेतला आणि तसाच अंगणात टाकला.

"अगो, हे काय दिलंस! मीठ घातलंस काय?"

कमळ बघतच राहिली. "काय झालं मावशी? आमचं पाणी आहे. विहिरीचं."

"आमच्या विहिरीपेक्षा दुप्पट खारट हाय!"

"असेल. आम्हाला न्हाय कळत. ह्या गावाच्या सगळ्या विहिरी अशाच, आमच्या सासूबाईंच्या लहानपणापासून. बाहेरचं माणूस आलं की सांगतं, तेव्हा आठवण होते. आता मलाही तुमच्याकडचं पाणी गोडच लागतं की."

सखुबाई ओटीवर बसली. पेल्यातलं उरलेलं पाणी पुन्हा चाखून पाहिलं. मग हळूच विचारलं, "प्रणाली कडू कुठल्या घरातली?"

"ही काय, शेजारची. हे पाणीही त्यांच्याच विहिरीचं. माहेर-सासर दोन्ही ह्याच गावात तिचं."

"कशी हाय?"

कमळ हसली. "कशी म्हणजे? गेल्या साली आमच्या उघाडीची झाप मोडली, तेव्हा ती अलिबागच्या कचेरीत इतके हेलपाटे घालत होती, की तिथला शिपाई तिला बघून आधीच खुर्ची पुढे करायचा. चार महिन्यांत झाप बसली. जोळ घातली तर पहिला गोळा तिच्या हातचा. परवा तुमच्या गावाहून आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. म्हणाली, काठेखारच्या उघाडीची चौकट अजून शाबूत आहे, नुसती झाप बसवली तरी भागेल."

सखुबाईनं कपाळाला हात लावला. दोन तांबे पाणी प्यायलेली बाई खोटं बोललीच नव्हती. तिला खरंच बरं वाटलं होतं. सखुबाईनं येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड न्याहाळलं होतं. कोण ओटीवरून उठून कुठे जातो, ते बघायचं राहून गेलं. निकेतही वाईट नव्हता, खरं बोलला होता बिचारा. पण त्यानं पाणी पाठवलं, आणि ही पाणी शिरतं कुठून ते बघायला गेली.

घरी आल्यावर मोरूला सगळं सांगितलं. मोरूनं सुतळी खाली ठेवली.

"मग आता?"

"आता काय. घरोघर जाऊन सांगायचं."

"अडतीस घरं? 'मी चुकले' म्हणून? तू?" पन्नास वर्षांत हे दोन शब्द मोरूनं तिच्या तोंडून ऐकले नव्हते. "मला आधी सांग, सराव होईल."

"तुमच्या बाबतीत मी कधी चुकलेच न्हाय, तर काय सांगू?"

मोरू हसला, पण उठला आणि म्हणाला, "चल, मीही येतो." तिनं त्याला घरी ठेवलं. आपला शब्द आपणच उचलून आणायचा, त्याला हमाल कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. उंबरठ्यावर उभी राहून प्रत्येक घरी एकच सांगायची, "निकेतचं सांगितलं ते माझं चुकलं. पाण्यावरून पारख केली आणि पाणीच मला फसवून गेलं. मला विचाराल तर प्रणाली. पण आता तुमचं तुम्ही बघा, माझ्या भरवशावर राहू नका." पहिल्या घरी तिनं एका दमात सांगून टाकलं आणि पाठ फिरवली. आळीतल्या तरण्या गोदूकडे तर तिनं डोळेच वर केले नाहीत. गोदूनं तिचा हात धरून आत नेलं, पोहे पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, "आजी, माझ्या सासूनं उभ्या जन्मात माझ्याकडे चूक कबूल केली नाय. तुम्ही बाहेरच्या असून केली. खा आधी."

बायजाचं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बायजा दारातच विळीवर कोळंबी सोलत बसलेली. सखुबाईनं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मना ठाऊक हाय. सदतीस घरं फिरून बातमी तुझ्या आधी पोचली."

"मग बोल. आज तुझा दिवस हाय. चाळीस वर्सांचं बोलून घे."

बायजानं कोळंबी बाजूला सारली. हात धुतले. "बोलणार होते," ती म्हणाली. "सकाळपासून एकेक वाक्य जुळवून ठेवलं होतं गो. पण तू दारात अशी उभी राह्यलीस, की सगळं विसरले. बस. आणि ऐक, मी तिलाच देणार होते पहिल्यापासून."

"का?"

"ती आली तेव्हा माझ्या अंगणातून बांधाकडे गेली. चप्पल काढून हातात घेतली, माझ्या सारवणावर डाग पडू नये म्हणून. म्हटलं, बाई बरी हाय. तुला सांगणार होते, पण तू नावच घेऊ देईनास."

सखुबाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला, आणि बायजा तिच्या पाठीवर जरा जास्तच जोरानं थोपटत राहिली.

प्रणाली निवडून आली. फार मतांनी नाही, पण आली. आळीतल्या किती जणींनी तिला दिलं ते सखुबाईनं कोणालाच विचारलं नाही. निकेत निकालानंतर भेटायला आला, तेव्हा तिनं त्याला सगळी हकीकत सांगितली आणि तोही मनापासून हसला. "आजी, पुढल्या वेळी मी आधी बांधावर जाईन," म्हणाला. त्याच्याही भल्यासाठी तिनं देवाकडे दोन शब्द टाकले.

प्रणालीनं कचेरीचे उंबरे झिजवले. फाल्गुन गेला, चैत्र गेला, मोरूच्या हाताखाली सुतळीचा ढीग वाढत गेला. वैशाखात एका टेम्पोतून झाप आली. बांधाचाही थोडा भाग नव्यानं भरायचा होता, म्हणून गावानं जोळ पुकारली. आळीतल्या अडतीस घरांतून अडतीस माणसं यायची, पण त्या दिवशी आळीतूनच साठ-सत्तर आली. वाघखारची माणसं तरीनं आली, कमळ आली, बोलावणं नसताना निकेत आला. गोळे हातोहात पुढे सरकू लागले. रांगेत बायजाच्या पलीकडे प्रणाली उभी होती, कमरेपर्यंत चिखल.

मोरूनं मुलाला फोन लावला आणि फक्त म्हणाला, "बी-भात घेऊन ये येताना." फोन ठेवून तो बायकोकडे न बघता रांगेत शिरला.

सखुबाईला वयामुळे कोणी गोळा उचलू देईना. ती भाकऱ्यांची दुरडी घेऊन बांधावर फिरत होती. प्रत्येकाचे हात चिखलानं भरलेले, म्हणून ती भाकरीचा घास मोडून ज्याच्या त्याच्या तोंडात घालत होती. घास देताना ज्याचं त्याचं नाव घेत होती, येसाजी, गोदू, कमळ, निकेत. प्रणालीपाशी आल्यावर मात्र तिनं आधी पदरानं तिच्या गालावरचा चिखल पुसला. तिला दोन घास दिले, दोन तांब्यांचे दोन. मग पाठीमागून बायजा ओरडली, "माझ्या तोंडात काय माती घालू?" आणि सखुबाई हसत तिच्याकडे वळली.