ज्याच्या त्याच्या दाराशी

"कुत्रं बांधा, टपाल आलंय!"

कुणाच्याही दारात पाऊल टाकण्याआधी मामा उंबऱ्यावर दोनदा काठी आपटत आणि असं ओरडत. घरात कुत्रं असो वा नसो. मारुतीच्या देवळात पुजाऱ्याचं कार्ड द्यायला गेले, तरी हीच आरोळी. टपालवाले आणि कुत्री यांचं वैर तुम्हीही कुठं ना कुठं पाहिलं असेल. आमच्या मामांनी ते नोकरीभर इमानानं पाळलं होतं. धोतर वर करून ते पोटरीवरचे व्रण दाखवत आणि एकेकाचा धनी सांगत. "हा पाटलाच्या वाघ्याचा. हा तेल्याच्या काळीचा. आन् ह्यो तुमच्या खंड्याचा, मास्तर. ताजा हाय."

सोनईपासून काही कोसांवरच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो. शाळेच्याच एका खोलीत टपालकचेरी होती आणि तीही माझ्याकडंच होती. मामा तिथले टपालवाले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सगळं गाव त्यांना मामा म्हणे आणि घरी जेवायला मात्र कुणी बोलवत नसे.

लढाईची वर्षं होती. एका हिवाळ्यात गावात उंदीर मरून पडायला लागले. उंदीर पडले म्हणजे प्लेग आला. चार दिवसांत गाव उठलं. दारांना कुलपं घालून माणसं माळावर खोपटी बांधून राहिली. गाई-म्हशी, शेळ्या बरोबर नेल्या. त्या दूध देत होत्या. कुत्र्या-मांजरांच्या अंगावर पिसवा असतात आणि पिसवांनी प्लेगची गाठ येते, असं आरोग्यखात्याच्या माणसानं सांगितलं, म्हणून ती मागं ठेवली. जी पाठोपाठ आली त्यांना दगड मारून परत पिटाळलं. मीही खंड्याला दगड मारला. मुद्दाम नेम चुकवला, असं बायकोला सांगितलं. तो चुकला नव्हता.

टपालकचेरीही खोपटात आली. पण चावडीच्या भिंतीवरची तांबडी पेटी गावातच राहिली, आणि ती रोज उघडून बघायची असा नियम. पत्र टाकायला गावात माणूस नव्हता, तरी मामा गेले. परत आले. रिकामी पिशवी माझ्यापुढं ठेवली.

"पेटीत काय न्हाई, मास्तर. पर कुत्री हायेत. ज्याच्या त्याच्या दाराशी बसल्यात. कुलपाकडं बघत."

"चावली नाहीत ना?"

"चावायला अंगात काय ऱ्हायलंय का त्यांच्या?"

दुसऱ्या दिवसापासून मामा खोपटी हिंडू लागले. काठी त्यांनी खोपटातच टाकली होती. पत्र आल्यासारखे खोपटासमोर उभे राहत आणि सांगत, "तुमच्या वाघ्याचा निरोप हाय. भाकरी मागितलीया." कुणी हसून चतकोर देई, कुणी "हितं मान्सास्नी पुरंना" म्हणून आत जाई. मामा भांडत नसत. उद्या पुन्हा त्याच दारात उभे. ज्याची भाकरी त्याच्याच कुत्र्याला घालत. ज्याच्या धन्यानं दिली नाही, त्याला स्वतःच्यातली. टपालाच्या पिशवीत भाकरी नेणं नियमात बसत नव्हतं. मी तिकडं बघत नसे.

परत आले की मला गावच्या बातम्या सांगत. "काळीला पिल्लं झाली, तेल्याच्याच ओट्याखाली. तेल्याला सांगितलं, तर म्हनतो, बरं." आणि एकदा, लहान मुलासारखे हसत, "आज खंड्यानं हात चाटला. म्या त्याला पोटरी दावली. लई लाजला."

दीडेक महिन्यानं उंदीर पडायचे थांबले. परत जायच्या गोष्टी निघाल्या. तेवढ्यात दोन-चार कुत्र्यांनी माळावर येऊन धनगराची कोकरं फाडली. चिंचेखाली बैठक बसली. पाटील म्हणाले, "रानटी झाल्यात. उद्या पोरांचं नरडं धरतील. गावात पाऊल टाकायच्या आदी निकाल लावा." भाकरीत कुचल्याचं विष घालायचं ठरलं. अडचण एकच होती. दगड खाल्लेली कुत्री आता माणूस दिसला की पांगत. मामांखेरीज कुणाच्या हातचं खात नव्हती.

"मग त्याच्याच हातानं जाऊ द्या की," कुणीतरी म्हणालं. "त्याला सांगताय कशाला?"

मामा तेव्हा गावात गेले होते. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण ते माझ्या हाताखालचे. मी म्हणालो, "मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे." एवढंच म्हणालो. पुढची चाळीस वर्षं मी ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं आहे. त्यात चूक सापडत नाही, म्हणूनच ते जास्त डाचतं.

मामा परतल्यावर मी त्यांना म्हणालो, "खंड्याला घेऊन या. बायकोला करमत नाही." मामा आल्या पावली मागं फिरले आणि त्याला दोरी बांधून घेऊन आले. "येका तरी धन्याला याद आली," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना प्रत्येक खोपटातून भाकरी मिळाली. ज्यांनी कधी तुकडा दिला नव्हता त्यांनीही दिली, वर गूळ घालून. पिशवीचं तोंड मिटेना. मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोळे भरले होते.

"मास्तर, मान्सं सुदरली बगा. पाटलानं सोताच्या हातानं दिली. गूळ घालून!"

मी टपालाचा शिक्का पुसत होतो. मान हलवली.

दुपार टळली तरी ते आले नाहीत. शेवटी मीच गेलो. वाघ्या पाटलाच्या दाराशी पडला होता, पाय ताठ झालेले. तशीच सगळी, ज्याच्या त्याच्या दाराशी. मामा तेल्याच्या ओट्यावर बसले होते. धोतराच्या ओच्यात काळीची पिल्लं कुईकुई करत होती.

"माज्या हातनं खाल्लं त्यांनी," मामा म्हणाले. "शेपट्या हलवत खाल्लं."

मी उभाच राहिलो.

"मास्तर, खंड्याला कालच का आनायला लावला?"

मी खाली वाकून ओच्यातून निसटलेलं एक पिल्लू परत आत ठेवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पिल्लांना ते शेळीचं दूध बोळ्यानं पाजत होते. एकही जगलं नाही. गाव घरं सारवून, चुना मारून पुन्हा नांदायला लागलं. मामा मात्र कुणाच्या दारात जाईनात. चावडीपुढं उभे राहून नावं पुकारत. ज्याचं पत्र त्यानं येऊन न्यावं. तक्रारी झाल्या. मामांनीच बदली मागून घेतली आणि ती पारनेरकडं झाली.

ते निघाले त्या दिवशी बायकोनं भाकरी बांधून दिली होती. ती घेऊन मी मोटारीपाशी गेलो. मामांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. एवढ्यात माझ्यामागून आलेला खंड्या त्यांच्या पायांत घोटाळू लागला, त्यांची बोटं हुंगू लागला. मामांनी हात झटकन वर घेतले. मग गाठोडं परत माझ्या हातात दिलं.

"तुमच्या हातानं घाला, मास्तर," म्हणाले, आणि मोटारीत चढले.

मोटार ओढा उतरून पलीकडं गेली. खंड्या माझ्यासमोर येऊन बसला. गाठ सोडायला माझी बोटं वळेनात.