एकशे दहाच्या आत

दादाने आयुष्यात पहिला दात पाडला तो माझा. मी सात वर्षांचा, तो अकराचा. कारण आता दोघांनाही आठवत नाही. पुढे त्याने बऱ्याच जणांचे पाडले. त्याच्या हाताला कंटाळून वहिनी वर्षभरातच माहेरी गेली, ती परत आली नाही. आमचं कोंबडीचं दुकान. तो कापायला, मी काट्यावर. दिवसाला दीडशे माना कापताना त्याचा चेहरा हलत नसे, पण कुणी आवाज चढवला की सुरा खाली ठेवून हात उचलायचा. सुरा खाली ठेवायचा, हे आमचं नशीब.

"वजन कमी भरलं," म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं डोकं त्याने शटरवर आपटलं होतं. "काट्यावर माझा भाऊ बसतो," एवढंच तो म्हणाला. मी फडक्याने काटा पुसत राहिलो. त्या काट्यावर साडेआठशे ग्रॅम ठेवलं की किलो दिसायचं. तसं मीच करून घेतलं होतं आणि दादाला त्याचा पत्ता नव्हता.

पोपटाचं पिल्लूही मारामारीतूनच घरात आलं. पक्षी विकणारा एक जण मेलेली पिल्लं गटारात फेकत होता, त्यात एक जिवंत होतं. दादाने त्याच्या अशी कानाखाली ओढली की तो जागच्या जागी बसला. मग दादा त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आता हे जगवायचं कसं, ते सांग."

गाल धरून तो माणूस सांगत गेला. कोमट पेज सिरिंजने, दिवसातून चार वेळा. रोज सकाळी उपाशीपोटी वजन. शी किती, कशी, ते बघायचं. आणि वजन एकशे दहाच्या वर गेलं तर चारणं कमी करायचं, जाड पिल्लू उडत नाही.

हा सगळा उपदेश दादाने शब्दन् शब्द पाळला. घरी दुकानातल्यासारखाच दुसरा काटा पडून होता, तो मात्र खरा होता. सकाळी उठला की पिल्लाला वाटीत बसवून तो काट्यावर ठेवायचा आणि श्वास रोखून आकडा बघायचा. अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, शहाण्णव. आकडे कोळशाने भिंतीवर. पिल्लाखालचा शीचा कागद आईकडे. हिरवी गुंडाळी, पांढरा ठिपका, थोडं पाणी, अशा पंचवीस-तीस खुणा ती बोटाने मोजायची. मी एकदा नाक मुरडलं तर दादाने चिमटा फेकून मारला. भुवईवर दोन टाके पडले.

पिल्लू एकशे चारवर आलं त्याच दिवशी वजनमापांचा इन्स्पेक्टर बाजारात आल्याची बातमी फुटली. माझी पाचावर धारण बसली. धावत घरी आलो, खरा काटा उचलून दुकानात नेला आणि दुकानातला घरी आणून ठेवला. इन्स्पेक्टरने काटा तपासला, खूश झाला आणि त्यावर तारखेचा शिक्का चिकटवून गेला. आता तो काटा दुकानातून हलवायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या सकाळी घरचा काटा एकशे बावीस म्हणाला. दादा हरखला आणि लगेच घाबरला. "लाड फार झाले. आता दोनच वेळा, तेही अर्धं." मला सगळं कळलं. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर परत मिटता आलं असतं की नाही, याची खात्री नव्हती.

पिल्लू चोच वासून, मान हलवत ओरडत राहायचं. दादा कानांत बोटं घालून बसायचा. एकदा न राहवून त्याने भिंतीवर इतक्या जोरात मूठ मारली की बोटांची सालं निघाली, पण सिरिंज उचलली नाही. पाचव्या दिवशी आईने कागद त्याच्यापुढे धरला. नऊच खुणा, काळपट हिरव्या, बाकी नुसतं पाणी.

"अरे, पोटात काही नाही त्याच्या."

"आई, काटा बघ. अजून एकशे अकरा आहे."

"काटा बघून मी तुम्हाला दूध पाजलं नाही."

त्याने कागद तिच्या हातातून हिसकावून फाडला. आईवर त्याने आजवर हात टाकला नव्हता. त्या दिवशी तो अर्धा वर गेला होता. मी दारातच उभा होतो.

आठव्या दिवशी पिल्लाला मान धरवेना. काटा एकशे सात दाखवत होता, पहिल्यांदाच एकशे दहाच्या आत. दादा त्याला शर्टाच्या आत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे पळाला, मी मागे. डॉक्टरांच्या काट्यावर एक्याण्णव.

"तुमचा काटा खोटा आहे," म्हणत दादाने त्यांची कॉलर धरली. डॉक्टरांनी कॉलर न सोडवताच शिक्क्याचं किलोचं वजन काट्यावर ठेवलं. बरोबर एक हजार. "उपासमार आहे," ते म्हणाले, "वेळ गेली." थोड्याच वेळात पिल्लाने तिथेच टेबलावर जीव सोडला.

दादा दुकानात गेला, लोखंडी किलोचं वजन उचलून घरी आला आणि त्याने ते काट्यावर ठेवलं. अकराशे शहात्तर. त्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्या ठोशात मी भांड्यांवर जाऊन पडलो. मग त्याने मला मानेला धरून दुकानात फरफटत नेलं, माझा उजवा हात ओंडक्यावर दाबला आणि सत्तूर उचलला. सत्तूर उलटा आला, पाठीकडून. दोन बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. आई मागोमाग आली होती. तिने त्याला थांबवलं नाही.

सत्तूर टाकून तो जमिनीवर बसला, धापा टाकत.

"मला मारता येतं," तो म्हणाला. "रोज मारतो, एका घावात. ते पोर माझ्याकडे चोच उघडून मागत होतं रे, आणि मी हात आखडून बसलो. आठ दिवस."