चार सूत पाणी

अन्याय झाला तो सोमाजी मडावी यांच्यावर. १९५७ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. जागा — चांदा शहर, कोटाच्या आत, ओव्हरसियर तयार करणाऱ्या एका शाळेची पाण्याची प्रयोगशाळा. शाळेचं नाव देत नाही, कारण नाव दिलं की संपादक हे छापणार नाहीत. अन्याय कोणी केला ते मात्र त्यांना छापावंच लागेल. मी केला.

आता पुढचं वाचून काहीजण म्हणतील — घ्या, हासुद्धा गेला भगतांच्या रांगेत! थांबा. नागभीडच्या बाजारात भगताच्या हातातलं लिंबू हिसकून, त्यात आधीच भरलेला लाल रंग लोकांना दाखवणारा माणूस मीच. अंगात येणं, करणी, मूठ मारणं — या सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहिली, स्वतः वाटली, दोनदा मार खाल्ला. आजही यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नाही. म्हणूनच जे घडलं त्याची मला जास्त चीड येते.

प्रयोगशाळा म्हणजे टिनाच्या छपराचं लांब गोदाम. मधोमध सिमेंटची वीस फूट नाली, एका बाजूला काच. नालीच्या टोकाला पितळेचा उभा पत्रा, त्यात चौकोनी खाच. हिला आम्ही नॉच म्हणायचो. टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की नाली भरते आणि पाणी नॉचवरून पलीकडे पडतं, तलावाच्या सांडव्यावरून पडतं तसंच. नॉचच्या काठापासून पाणी किती उंच चढलं ते मोजायचं, सूत्रात घालायचं, की किती पाणी वाहतं ते कळतं. उंची मोजायला हुक गेज — पट्टीला लावलेला वाकडा आकडा. त्याचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला खालून टेकवायचं आणि पट्टी वाचायची.

सोमाजी तिथले मदतनीस. गडचिरोलीच्या पलीकडे, धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावचे. गावात ते पाणकर होते. म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांधीबांधीत, शेताच्या तुकड्यातुकड्यात, वाटून देणारा माणूस. नोकरी हंगामी. देशकर सरांनी, आमच्या शिक्षकांनी, त्यांना कायम करण्यासाठी वर लिहिलं होतं, आणि नागपूरचे मोठे इंजिनिअर तपासणीला येऊन गेले की हुकूम निघणार होता. सोमाजींचं सगळं त्या एका तपासणीवर होतं.

या माणसाची एक गोष्ट होती. व्हॉल्व्ह उघडून ते नालीकडे पाठ करून उभे राहायचे. पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकायचे आणि सांगायचे — "साडेतीन बोटं." किंवा, "पाच बोटं, जवभर कमी." चार बोटं म्हणजे त्यांचे तीन इंच. आम्ही गेज वाचायचो. जुळायचं. दर वेळी!

त्यात चमत्कार नव्हता. तीस वर्षं सांडव्याजवळ काढलेल्या माणसाचा कान होता तो. हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही मला तो माणूस सहन व्हायचा नाही. का? कारण वर्गात पहिला मी होतो. उंचीच्या दीड घाताचं गणित मी तोंडी करायचो. आणि सर? सर मला म्हणायचे, "अरे, पाणी आधी ऐकायला शीक, सूत्र कुठं पळून जात नाही." मी 'अरे', आणि फडकं घेऊन काच पुसणारा माणूस 'सोमाजी'! दुपारी दोघं पायरीवर बसून एका डबीतला तंबाखू मळायचे. हेवा म्हणतात तो हाच. मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

तपासणीच्या आठ दिवस आधी सर म्हणाले, "पाणी सोमाजी सोडतील. बोलतीलही तेच. तू गेज वाच."

तू गेज वाच. बस्स.

मी पत्रक काढलं. 'प्रयोगशाळा की देवघर?' सोमाजी पाणी सोडलं की नालीत मोहाचं एक वाळलं फूल टाकायचे, त्यावर. सरकारी शाळेत पाण्याची पूजा, उद्याच्या इंजिनिअरांना अंधश्रद्धेचे धडे, वगैरे वगैरे... मी चांगलं लिहितो. बसस्टँडवर वाटलं, नागभीड स्टेशनवर वाटलं, आणि एक प्रत नागपूरच्या साहेबांच्या हातात पडेल अशी व्यवस्था केली.

तरी धीर धरवेना. कारण सोमाजींचा आकडा जुळला असता तर पत्रक फुकट गेलं असतं. तपासणीसाठी तान्ह्या पोळ्याची सुट्टी रद्द झाली होती. सकाळी दहाला प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी गेजचा स्क्रू सैल केला, पट्टीचं शून्य चार सूत, म्हणजे अर्धा इंच वर सरकवलं आणि स्क्रू परत घट्ट केला.

अकराला साहेब आले. सोमाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. व्हॉल्व्ह उघडला, फूल टाकलं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पानी उभं झालं का नाई, थे हे सांगते साहेब. पातळी बसली का फूल वरखाली हलाचं थांबते. मंगच मोजाचं."

साहेबांनी खिशातलं माझं पत्रक चाचपलं. सोमाजी पाठ करून उभे राहिले. "चार बोटं."

"म्हणजे तीन इंच," सर म्हणाले.

मी गेजचा आकडा पाण्याला टेकवला. "अडीच."

सोमाजी वळले. "नाई. पुन्हा पाहा बाबू."

मी पुन्हा पाहिलं. "अडीचच आहे."

मी खोटं बोललो नव्हतो. गेज तेच सांगत होतं. हे वाक्य मी पुढे महिनाभर स्वतःला ऐकवलं. सर म्हणाले, खालच्या टाकीत पाणी भरून मोजू, खरं काय ते लगेच कळेल. साहेबांनी घड्याळ पाहिलं. अकरा वीस. "असू द्या," ते म्हणाले, आणि शेरा लिहिला — प्रयोगशाळेत अशास्त्रीय प्रकार चालतात. संध्याकाळपर्यंत सोमाजींना जायला सांगितलं गेलं. आठवड्याभरात प्रयोग करून दाखवण्याचं काम कोणाला मिळालं, ते सांगायला नको.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते.

खोट्या शून्यावर मला रोज काम करणं शक्यच नव्हतं, आकडे जुळले नसते. म्हणून पहिल्याच तासाला मी म्हटलं, आधी शून्य तपासू. त्याची रीत सोपी आहे. नाली भरायची, व्हॉल्व्ह बंद करायचा. जादा पाणी नॉचवरून सांडून जातं आणि पातळी काठाशी येऊन थांबते. ती पातळी म्हणजे शून्य. तिथे गेज जुळवून टाकायचा, कोणाला संशयही येत नाही.

दुपारचे तीन. उन्हानं गोदाम उजळलेलं. सात मुलं हजर. मी व्हॉल्व्ह बंद केला. नागभीडचा वाघाडे, आमच्या वर्गातला टवाळ, म्हणाला, "अबे, सोमाजीचं फूल कुठी आहे? फुलाबिगर कसं समजन?" आणि माझ्याच पत्रकाचा कोपरा फाडून त्यानं पाण्यात टाकला. "घे, तुहंच फूल!"

सगळे हसले. कागद नॉचकडे सरकत गेला. धार बारीक होत गेली, मग थेंब, मग तेही बंद. कागद काठाच्या बरोबर वर येऊन थांबला.

"बे भास्कर..." वाघाडे मला म्हणाला. त्याचा आवाज टवाळीचा नव्हता.

पाणी पितळेच्या काठाच्या वर उभं होतं. समोर खाच मोकळी, अडवायला काही नाही, आणि पाणी सांडत नव्हतं.

सूत-अर्धं सूत पाणी काठावर फुगून उभं राहतं, हे मलाही ठाऊक आहे. पेल्यातसुद्धा राहतं. सरांना बोलावलं. त्यांनी पोलादी फूटपट्टी लावली. चार सूत. पितळेला तेलाचा हात लागला असेल, असं मी म्हणालो. त्यांनी पत्रा रॉकेलच्या फडक्यानं पुसला. पाणी तसंच. मी खाचेत बोट घातलं. बोट ओलं झालं, पाणी बोटाभोवती सरकलं, बोट काढलं तर पुन्हा मिटलं. खाली एक थेंब नाही. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली, एवढं आठवतं.

सर वाघाडेला म्हणाले, "तू करून पाहा." त्यानं व्हॉल्व्ह उघडला, बंद केला. पाणी मुकाट काठापर्यंत उतरलं आणि थांबलं. जसं थांबायला हवं तसं. मग मी केलं. पुन्हा चार सूत वर. पुन्हा वाघाडे — बरोबर. पुन्हा मी — चार सूत. तीनदा!

तिसऱ्या वेळी मी गेजचा आकडा त्या पाण्याला टेकवला आणि पट्टी वाचली. शून्य. केसाचाही फरक नाही. मी जे खोटं शून्य बसवलं होतं, तिथपर्यंत येऊन पाणी उभं राहिलं होतं.

सरांनी हळूच विचारलं, "तू गेजला हात लावला होतास?"

"नाही," मी म्हणालो.

दिवाळीच्या सुट्टीत मी सोमाजींच्या गावी गेलो. गडचिरोलीपर्यंत बस, पुढे सायकल, शेवटी सायकल खांद्यावर. तलाव त्या वर्षी भरलेला होता, सांडव्यावरून अजून पाणी जात होतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सोमाजी आणि त्यांची बायको बुधाबाई भाकर खात बसले होते.

"हाच का थो कागदवाला?" बुधाबाई म्हणाल्या. "बापा, पोटात दात असतील असं वाटलं होतं. हा तं वाळका निंघाला."

"बस बाबू," सोमाजी म्हणाले. "भाकर खाशीन?"

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "सोमाभाऊ, त्या दिवशी मी शून्य सरकवलं होतं."

"मले माहीत होतं."

"कसं?"

"आकडा वाचतानी तू पाण्याकडं पाह्यलंच नाई. पट्टीकडंच पाहून रायला होता. ज्याले मोजाचं असते, थो पाण्याकडं पायते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो ना! 'पुन्हा पाहा' म्हनलो. अजून काय बोलाचं होतं मी? साहेबापुढं तुले चोर म्हनाचं होतं?"

मग मी प्रयोगशाळेतलं सगळं सांगितलं. उभं पाणी, कागद, चार सूत. मला वाटलं, ते काहीतरी गूढ बोलतील. खरं सांगतो, मला तसं हवंच होतं. म्हणजे मला त्यांच्यावर पुन्हा एक पत्रक लिहिता आलं असतं.

सोमाजींनी ऐकून घेतलं, कपाळ खाजवलं. "असं पानी मी तं कधी पाह्यलं नाई. काऊन झालं, मले काय माहीत? मी पाणकर हावो बाबू, भगत नाई."

बुधाबाई हसल्या. "यायले इचारतेस? यायची तं नोकरी गेली पाण्यापाई."

मग सोमाजी सांडव्याकडे पाठ करून भाकर मोडता मोडता म्हणाले, "दोन बोटं. जवभर जास्त." मी पट्टी घेऊन उतरलो, वाकलो, मोजलं. दीड इंच आणि वर थोडंसं. बरोबर! आणि वाचकहो, चिखलात गुडघाभर उभं राहून, माफी मागून झाल्यावरसुद्धा, माझ्या पोटात तेच जळलं. त्याला येतं. मला येत नाही. ते अजून गेलेलं नाही.

परत येऊन मी शाळेला लेखी कळवलं, सहीनिशी. उत्तर आलं की साहेबांच्या शेऱ्याचा फेरविचार होऊ शकत नाही, आणि सोमाजी हंगामीच होते. सरांनी माझा कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. रागावले नाहीत. त्या दिवसापासून ते मला 'तुम्ही' म्हणतात. मी वर्ग सोडला. शेवटच्या दिवशी एकटा जाऊन व्हॉल्व्ह उघडून बंद केला. कबुली दिली होती, म्हटलं, आता तरी... पाणी चार सूत वर उभं राहिलं.

का? मी पुस्तकं पाहिली, इंजिनिअरांना विचारलं. हवा, धूळ, तेल, पत्र्याचा बाक — सगळी कारणं मी स्वतःच खोडली. वाघाडेच्या हातानं उतरणारं पाणी माझ्या हातानं का उतरत नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. भुताचं नाव मी घेणार नाही. पण पाण्याचं कारण सापडत नाही म्हणून दुसऱ्या माणसाची भाकर अडकून राहावी, हे मला मान्य नाही. पाण्याचं राहू द्या. सोमाजींचा आकडा बरोबर होता, हे सिद्ध आहे. ते सिद्ध करायला कोणताही चमत्कार लागत नाही.

तेव्हा तुम्हाला सांगतो, विनंती करत नाही. त्या दुपारी हजर असलेली सात मुलं आता ठिकठिकाणी नोकरीला आहेत आणि हे मासिक त्यांच्या घरी जातं. वाघाडे, तूसुद्धा वाचतोयस. आणि माझं ते पत्रक चांदा जिल्ह्यात घरोघर आहे. कुणी वहीला कव्हर घातलं असेल, कुणी त्यात मीठ बांधलं असेल, कुणी विश्वास ठेवून जपलंही असेल. शोधा. काढा. त्याची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर लिहा — 'शून्य सरकवलेलं होतं. सोमाजी मडावी यांना कामावर परत घ्या.' खाली आपली सही करा आणि या मासिकाच्या संपादकांकडे धाडा. आजच.