सिस्टरची पलटण

मारेगावात खोली घेतली तेव्हा पहिले तीन आठवडे माझी अशी समजूत होती, की शेजारच्या सिस्टरकडे कोणीतरी फार आगाऊ पाहुणा राहायला आला आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. "काहून आला बे इकडं? कोणी बोलावलं तुले?" मग थोडी शांतता, आणि पुन्हा, "ये, अजून एक घर पुढं ये. मंग पाहा." पाहुण्याचं उत्तर मात्र कधीच ऐकू येत नसे. एकदा नळाला पाणी आलं का विचारायला गेलो, तर दार उघडंच होतं आणि सिस्टर पलंगावर एकट्याच मांडी घालून बसल्या होत्या. हातात लहान वहीएवढा, मिटता येणारा व्हिडिओ गेम. त्याच्या बिजागरीला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. त्या पडद्यावरच्या एका कुऱ्हाडवाल्या डाकूशी बोलत होत्या.

"सर, दोन मिनिटं बसा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "याले मारून घेऊ द्या."

सिस्टर जवळच्याच एका गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं खरं नाव घरमालकापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं, पण ते कोणी घेत नसे. गेम त्यांच्या भाच्याचा. पुण्याला नोकरी लागली तेव्हा तो डब्बा आणि गेमची चार-पाच कार्डं मावशीकडेच टाकून गेला. "फेकून द्यायच्या आधी म्या म्हटलं, पाहू तरी काय हाय," त्या सांगायच्या. ते पाहणं सात वर्षं चाललं होतं.

मी सांगलीकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तिशी ओलांडलेली, घर साडेसहाशे किलोमीटरवर, आणि शाळा सुटल्यावर बोलायला कोणी नाही. माझ्याही पेटीत तसाच एक गेम होता. शाळेतल्या कोणाला मी ते सांगितलं नव्हतं. शिक्षकाने खेळतो म्हणून सांगायची ती गोष्ट नव्हे. त्या दिवशी खोलीत जाऊन मी माझा गेम आणला आणि त्यांच्यासमोर उघडला. सिस्टरनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पलंगावर सरकून जागा केली.

हे खेळ बुद्धिबळाच्या जातीचे. जमिनीवर चौकटी आखलेल्या असतात, एक डाव आपला, एक शत्रूचा. फरक एवढाच, की प्यादी मुकी नसतात. त्यांना नावं असतात, ती लढून लढून शिकतात, तरबेज होतात. इंग्रजी नावं सिस्टरच्या जिभेवर बसत नसत, म्हणून प्रत्येक खेळाला त्यांनी आपलं नाव दिलं होतं. एक 'मरणारा', कारण त्यात गेलेला शिपाई कायमचा जायचा. दुसरा 'खोटा'. त्यात कोणी पडलं तरी पुढच्या लढाईला ताजंतवानं उभं राहायचं. "मेलेला माणूस दुसऱ्या दिवशी चहा प्यायले हजर," त्या नाक मुरडायच्या. "मंग त्याची काळजी कायले करायची, सांगा बरं?" आणि तिसरा, त्यांचा सगळ्यात लाडका, 'बदलीवाला'. त्यात शिपायाला तिरंदाज करता यायचं, तिरंदाजाला वैद्य. "ना अर्ज, ना कोणाच्या पाया पडणं. बटन दाबलं का बदली!"

माझ्या मते 'खोटा' सर्वांत चांगला होता. त्यात टेकड्या होत्या, पाणी होतं, उंचावरून मारलेला बाण लांब जायचा. मी तासभर त्याची बाजू मांडायचो. सिस्टर स्वेटर विणत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "टेकडी छान हाय तुमची. पण टेकडीवर जीव कोणाचा अडकते?" 

'मरणाऱ्या'त माझी रीत ठरलेली होती. एखादा कच्चा शिपाई पुढे धाडायचा, शत्रू त्याच्यावर तुटून पडले की बाकीच्यांनी बाजूने घेरायचं. एक जायचा, लढाई जिंकायची. सिस्टरना ते बघवत नसे. त्यांचा एक जरी गेला, तरी जिंकत आलेली लढाई त्या बंद करायच्या आणि पहिल्यापासून मांडायच्या. एकदा एका किल्ल्यापाशी त्यांनी दोन आठवडे काढले. मी म्हटलं, "सिस्टर, एकासाठी काय एवढं? पुढे आणखी मिळतील." त्या माझ्याकडे वळल्या. "माह्या डोळ्यासमोर गेला ना तो. मंग पुढं कशी जाऊ?"

आता जे सांगायचं आहे ते माझ्या हातून घडलं. सिस्टर प्रशिक्षणाला आठ दिवस यवतमाळला गेल्या आणि जाताना 'बदलीवाल्या'चं कार्ड मला देऊन गेल्या. खेळ जपून ठेवायला त्यात तीन जागा होत्या. सिस्टरचा खेळ पहिल्या जागी होता. मी नवा डाव सुरू केला आणि हाताच्या सवयीने पहिल्याच जागी जपला. बटण दाबल्यावर कळलं. सात वर्षांची पलटण त्या एका बटणाखाली गेली.

त्या परत आल्या त्या संध्याकाळी मी दारातच उभं राहून सांगितलं. त्यांच्या हातात अजून प्रवासाची पिशवी होती.

"सगळेच गेले?"

"हो."

"जाऊ द्या. तुम्ही मुद्दाम थोडी केलं," त्या म्हणाल्या आणि हळूच दार लोटून घेतलं.

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज यायचा बंद झाला. संध्याकाळचे सहा वाजायचे, सात वाजायचे. कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, बादली सरकल्याचा आवाज यायचा, बाकी काही नाही. माझाही गेम पेटीतच राहिला. त्या भिंतीपलीकडच्या बोलण्यावर आपली संध्याकाळ उभी होती, हे मला तेव्हा समजलं.

तिसऱ्या रविवारी मी धीर करून गेलो. म्हटलं, "सिस्टर, पलटणीतली नावं सांगा. मी पुन्हा भरती करतो. लढून लढून तेवढी तरबेज करून देतो."

 त्या कपाट बंद करून पलंगावर येऊन बसल्या. "लिहा. आई."

त्या खेळात भरती केलेल्या शिपायांना आपण नावं देऊ शकतो. मी एवढ्या लढाया त्यांच्या शेजारी बसून पाहिल्या, पण पडद्यावरची ती बारीक अक्षरं कधी नीट वाचली नव्हती. पहिली होती त्यांची आई, त्या खेळात वैद्य. दुसरी सुलोचना, नर्सिंगला शिकताना एका ताटात जेवलेली मैत्रीण, लग्नानंतर जिचा पत्ता लागला नाही. तिसरा दादा, थोरला भाऊ. "सायकलवर बसवून मले शाळेत सोडे. लय शिकला नाही, पण मले शिकवलं." मग रेल्वेच्या पुलावर भाऊ कसा गेला ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. गेलेले आणि दूर गेलेले असे सगळे त्या एका पलटणीत होते. एक एक नाव सांगत त्या थांबायच्या आणि मी टिपून घ्यायचो.

शेवटी म्हणाल्या, "प्रभाकर."

खेळात नावाला आठच इंग्रजी अक्षरं चालत. सुलोचनाचा शेवटचा ए गाळला होता, तसा इथे शेवटचा आर बसेना. "पहिलेही बसला नव्हता," त्या म्हणाल्या. "राहू द्या तसाच." हा प्रभाकर कोण, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्याला घोडेस्वार करायला तेवढं सांगितलं.

पूर्ण हिवाळा आम्ही आळीपाळीने ती पलटण लढवली. एक खेळायचा, दुसरा शेजारी बसून बजावायचा. फेब्रुवारी संपता संपता सगळे जुन्या बळाला पोचले. मी मोठ्या अभिमानाने गेम त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेकाला उघडून पाहिलं, आई, सुलोचना, दादा. "तेच हायेत," त्या म्हणाल्या. "पण त्याईले काही आठवत नाही." मग माझा चेहरा पाहून लगेच म्हणाल्या, "आठवण करून देऊ ना. टाइम हाय आपल्यापाशी."

वेळ दीड वर्षाचा होता. त्या निवृत्त झाल्या आणि बोरी अरबला थोरल्या बहिणीकडे राहायला गेल्या. मारेगावच्या स्टँडवर त्यांना सोडायला आम्ही दोघेच होतो, घरमालक आणि मी. पुढे रविवारी फोन व्हायचा. सुरुवातीला कुठला खेळ सरस यावरून आम्ही तसेच भांडायचो. पण साखरेने त्यांची नजर अधू होत गेली, चौकटी दिसेनाशा झाल्या. मग मी माझ्या खोलीत माझ्या गेमवर खेळायचो आणि फोनवर सांगत जायचो: डावीकडे दोन डाकू, मध्ये ओढा, आपला वैद्य मागे. पलीकडून हुकूम यायचा, "वैद्याले पुढं नका धाडू. मागंच राहू द्या त्याले."

नंतर शाळेचं काम वाढलं. रविवारी तालुक्याची बैठक, कधी परीक्षा, कधी नुसताच कंटाळा. पुढच्या रविवारी करू म्हणत मी तीन रविवार फोन केला नाही. चौथ्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला, की मावशी गेली, शनिवारी पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे.

मुख्याध्यापकांनी रजेच्या अर्जावर कारण लिहायला सांगितलं. नातेवाइकाचं निधन, एवढं लिहिलं. "कोण होत्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मावशी."

यवतमाळला गाडी बदलून बोरी अरबला पोचलो तेव्हा बुद्धवंदना सुरू झाली होती. मी मागे सतरंजीवर बसलो. नंतर एकेक जण उठून सिस्टरबद्दल बोलला. पुरात डोंग्यातून लस नेलेली कोणी सांगितली, अडलेली बाई बैलगाडीतून आणलेली कोणी. सगळं खरं असणार. यातलं मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मीही उठून बोलावं असं वाटलं, पण काय आणि कोणत्या शब्दांत, ते सुचेना. बसून राहिलो.

जेवणं झाल्यावर त्यांची बहीण काठी टेकत माझ्यापाशी आली. ऐंशीच्या घरातली बाई, सिस्टरसारखीच हनुवटी.

"तुम्हाले ओळखलं नाही बाप्पा. तिचे कोण तुम्ही?"

मुख्याध्यापकांना सांगितलेलं नातं इथे तोंडातून निघेना.

"आम्ही सोबत खेळायचो," मी म्हटलं.

म्हातारीने माझे पिकायला लागलेले केस पाहिले. "लहानपणी?"

"नाही," मी म्हणालो. "आत्ता आत्ता."