चार गिअर मागे, एक पुढे

मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली. शेजारी उभे असलेले गायकवाड साहेब शांतपणे म्हणाले, "मागे जायची सोय उत्तम झाली आहे. पुढचं तेवढं बघा."

साहेब सरकारी खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. गाडी जुनी बीटल, इंजिन मागे, पाण्याऐवजी हवेवर थंड होणारं. त्यांनी हौसेने मोठं इंजिन बसवलं आणि मूळ गिअरबॉक्सचे दाते तुटले. म्हणून दुसऱ्या एका गॅरेजने त्याच जातीच्या व्हॅनचा दणकट गिअरबॉक्स घातला होता. गडबड तिथेच झाली. त्या व्हॅनच्या चाकांपाशी गिअरची आणखी एक जोडी असते, ती फिरण्याची दिशा उलटवते. कारला ती नसते. त्यामुळे पेटीतली दात्यांची मोठी चकती, म्हणजे क्राऊन, काढून विरुद्ध बाजूला बसवावी लागते. नाही बसवली तर चार गिअर मागे आणि एक पुढे.

मी कंपनीत गिअरबॉक्सच्याच डिपार्टमेंटला होतो. व्हीआरएस घेऊन नारायण पेठेत गॅरेज काढलं. पार्टनर नव्या गाड्यांच्या शोरूमला निघून गेला. नव्या गाड्या घेणारे माझ्याकडे कशाला येतील? दिवस दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही. खरं सांगायचं तर, साहेबांच्या गाडीपेक्षा साहेब आले याचा मला जास्त आनंद झाला.

क्राऊन फिरवला. दात्यांना रंग लावून ते एकमेकांवर नीट बसतात का पाहिलं. गाडी सरळ पुढे गेली. साहेब खूश होऊन घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परत आले. गिअरबॉक्स गुणगुणतो म्हणाले.

मी चालवून पाहिली. गुणगुण होती, पण या पेट्यांना तेवढी असतेच. साहेबांना पटेना. पूर्वी नव्हती, असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी विजयादशमीला ते पत्नीला घेऊन याच गाडीने नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्या, सुमनताई, आदल्या वर्षी वारल्या. मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. या वेळी एकट्याने जायचं होतं, आणि आवाज राहिला तर निघायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

मी पेटी पुन्हा उतरवली. बेअरिंग बदलली, दात्यांमधली फट पुन्हा जुळवली. आवाज तसाच. मग ती पुन्हा उघडायला मन धजेना. त्यांना म्हटलं, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो, नेमका कधी येतो ते दाखवा.

आम्ही खडकवासल्याच्या रस्त्याला लागलो. साहेब ताईंबद्दल सांगू लागले. त्या वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायच्या आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या. पुण्यापासून नागपूरपर्यंत. मीही माझं रिकाम्या गॅरेजचं रडगाणं गायलं. धरणाशी त्यांनी गाडी थांबवली.

"आज आवाज नाही. काय केलंत?"

"काहीच नाही, साहेब. परवापासून हात लावलेला नाही."

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"म्हणजे पूर्वीही येत असणार."

"असणार."

"ऐकायला फुरसत नव्हती हो," ते म्हणाले, आणि काच खाली करून बाहेर बघत राहिले.

परतताना त्यांनी विचारलं, "आपण येता का नागपूरला?" गॅरेज बंद ठेवावं लागेल, असं मी म्हणणार होतो. मग वाटलं, बंद आहे हे कळणार तरी कुणाला? गेलो. गाडीने कुठेही दगा दिला नाही. दीक्षाभूमीच्या गर्दीत साहेब रडले, मी त्यांची पिशवी धरून उभा राहिलो.

अजूनही कुणी गिअरबॉक्सच्या आवाजाची तक्रार घेऊन येतं. मी पाना उचलत नाही. आधी विचारतो, गाडीत शेजारी कोण बसतं.