करीमभाईंची काच

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास हनीफ धावत दवाखान्यात शिरला, तेव्हा मी एका बाईच्या हाताला पट्टी बांधत होते. हनीफ म्हणजे गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या करीमभाई मिस्त्रींचा धाकटा भाऊ. "बाई, चला ना... भाई पडला," एवढंच तो बोलला. मला वाटलं, हातापायावर ॲसिड सांडलं असेल. बॅग घेऊन जीपमध्ये बसले, पायाने सेल्फ दाबला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. चारच दिवसांपूर्वी करीमभाईंनी तिची बॅटरी तपासली होती, सुरू न व्हायला काय झालं होतं! बसस्टँडमागच्या त्यांच्या गॅरेजात पाच मिनिटांत पोचले. अंगणात, एका ट्रकच्या बॅटरीशेजारी, ते आडवे पडले होते. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. काही नाही. जागा बदलून पुन्हा ठेवला... वय अवघं सेहेचाळीस. आज दीड महिना झाला, तरी शुक्रवारी दवाखान्याचं फाटक वाजलं की मी मान वर करून बघते.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी मी पुसदच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले. खेड्यांत फिरायला लढाईतून उरलेली एक जीप मिळाली, पण ड्रायव्हर काही मिळाला नाही. मग मीच शिकले. बाईमाणूस जीप हाकतंय म्हणून निम्मं पुसद बघायला यायचं, आणि ती सुरू झाली नाही की उरलेलं निम्मं यायचं. म्हणून मी ती नेहमी दवाखान्यासमोरच्या उतारावर उभी करायची, ब्रेक सोडला की गडगडत चालू होई. करीमभाईंनी हे पाहिलं आणि सरळ आत आले.

"बाई, रोज उतारावर काहून लावता?"

"सुरू झाली नाही तर ढकलायला माणसं कुठून आणू?"

"म्हंजे बॅटरीवर भरोसा नाही. मले पाहू द्या. मंग सपाटीवर लावजा."

त्या दिवसापासून दर शुक्रवारी, नमाज आटोपली की ते यायचे. हातात त्यांची 'काच' असे... काचेची जाड नळी, वर रबरी फुगा आणि आत तरंगणारी आकड्यांची कांडी. बॅटरीची तिन्ही झाकणं उघडून प्रत्येक कप्प्यातलं ॲसिड ते थोडं वर ओढून घेत. कांडी वर तरंगली तर बॅटरी भरलेली, बुडाली तर उतरलेली. एकदा ते गावाला गेलेले असताना मी विहिरीचं पाणी गाळून बॅटरीत ओतलं. माझ्या मते मोठंच काम केलं होतं. परत आल्यावर त्यांनी झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, पेशंटले हेच पाणी टोचता काय?" रागीट म्हणून माझी ख्याती आहे, पण त्या दिवशी चूक कबूल केली. पुढे इंजेक्शनांसाठी येणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यातली एक बाटली बॅटरीसाठी वेगळी राहू लागली.

काचेवर मात्र त्यांचं कधी भागलं नाही. एकदा महागावच्या पलीकडल्या एका खेड्यातून अडलेल्या बाळंतिणीचा निरोप आला होता. मी निघायच्या घाईत, आणि करीमभाई बॉनेट उघडून उभे. काच ठीक दाखवत होती. मी चिडून म्हटलं, "आता सोडा की!" त्यांनी जीपचे दिवे लावले आणि मला सेल्फ दाबायला सांगितलं. दिवे पार विझले. "पाहा. बसल्या जागी बॅटरी झाक दिसते, बाई. लोड टाका, मंग कळते आत काय हाय." त्यांनी दुसरी बॅटरी चढवून दिली. वाटेत दोनदा नाल्यात इंजिन बंद पडलं आणि दोन्ही वेळा सुरू झालं. आई वाचली, मुलगी वाचली.

मृत्यूच्या पंधरा दिवस आधी ते म्हणाले, "छातीत जळजळ होऊन राह्यली, बाई. ॲसिडच्या वाफेनं असंल." मलाही तेच वाटलं. बॅटऱ्या चार्ज करायची त्यांची खोली बिनखिडकीची. त्यांना स्टुलावर बसवलं, नाडी पाहिली, छाती तपासली. सगळं ठीक. सोड्याचं औषध दिलं आणि चांगलं दटावलं, "उद्यापासून बॅटऱ्या बाहेर अंगणात चार्ज करायच्या!"

त्यांनी ऐकलं. रोज सकाळी त्या जड बॅटऱ्या स्वतः उचलून अंगणात नेऊ लागले आणि संध्याकाळी परत आत.

ते वारल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा हनीफ म्हणाला, "भाई म्हणे, बॅटरी उचलली का जळते, ठेवली का थांबते. मी म्हटलं, बाईले सांग. तर म्हणे, बाईनं तपासलं ना, मंग कायले?" हनीफच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही. ते हृदयाचं दुखणं होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही उचलताना जळतं म्हटल्यावर शंका आली असती. मी त्यांना बसल्या जागी तपासलं... सहा वर्षं दर शुक्रवारी त्यांच्याकडून शिकूनही.

निघताना करीमभाईंच्या बायकोने, भाभींनी, ती काच जुन्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. आता शुक्रवारी मीच तिन्ही झाकणं उघडते, दिवे लावून सेल्फ दाबते. जीप सपाटीवरच उभी असते. काच धुऊन मी टेबलावर स्टेथोस्कोपशेजारी ठेवते. छातीत जळतं म्हणून कोणी आलं, की स्टेथोस्कोपला हात लावण्याआधी विचारते, "ओझं उचललं की जळतं का? ठेवलं की थांबतं का?" त्या दिवशी करीमभाई समोर स्टुलावर बसले होते, आणि मला एवढंच विचारायला हवं होतं.